दोन धातूंमधला थर : अतिसंवाहक विद्युत साधनांच्या जडणघडणीचा इतिहास

अतिसंवाहक विद्युत मंडलांच्या संशोधनात गेली साठ वर्षे जी वस्तू केंद्रस्थानी आहे तिची रचना थोडक्यात सांगता येते. दोन अतिसंवाहक धातूंची पातळ पटले एकमेकांवर येतात आणि त्यांच्या मध्ये ऑक्साइडचा एक निरोधक थर असतो, ज्याची जाडी एक-दोन नॅनोमीटर, म्हणजे अणूंच्या मोजक्या रांगांइतकी असते. या रचनेला जोसेफसन जंक्शन असे नाव आहे. अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे मोजणारी उपकरणे, व्होल्ट या एककाचे प्रमाण, एकेक इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारी साधने आणि क्वांटम संगणकाचे घटक ही सारी याच कुळातली आहेत. या कुळाचा इतिहास बहुधा सिद्धांतांच्या आणि पारितोषिकांच्या क्रमाने लिहिला जातो. तो क्रम खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण हा जितका कल्पनांचा इतिहास आहे तितकाच तो एका कारागिरीचा इतिहास आहे, आणि ती कारागिरी बऱ्याच अंशी अशा योजनांमध्ये घडली ज्यांना स्वतःचे उद्दिष्ट कधीच गाठता आले नाही.

आरंभ नेदरलँड्समधील लायडन येथे झाला. हाइके कामरलिंग ऑनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी हेलियम वायूचे प्रथमच द्रवीकरण केले आणि शून्याखाली २६९ अंश सेल्सिअस, म्हणजे निरपेक्ष मापनातील ४.२ केल्विन, हे तापमान प्रयोगशाळेच्या आवाक्यात आणले. त्यानंतर ८ एप्रिल १९११ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत शुद्ध पाऱ्याचा विद्युत रोध जवळपास याच तापमानाला एकाएकी नाहीसा झाल्याचे आढळले. रोधाविना वीज वाहून नेण्याच्या या गुणधर्माला अतिसंवाहकता म्हणतात. त्या दिवशीची मोजमापे गिलेस होल्स्ट यांनी केली, तर शीतयंत्रणा खेरिट फ्लिम या तंत्रज्ञांच्या हाताखाली होती. ऑनेस यांनी उपकरणे घडवणाऱ्यांसाठी लायडनमध्ये १९०१ मध्ये शाळाच स्थापन केली होती आणि तिथे तयार झालेल्या तरुणांवर प्रयोगशाळेचा भार होता, ही गोष्ट त्यांच्या कीर्तीपुढे मागे पडली आहे. शोधानंतर ऑनेस यांनी अतिसंवाहक तारांच्या वेटोळ्यांपासून प्रचंड शक्तीचे चुंबक बनवण्याचे स्वप्न पाहिले. परंतु शिसे आणि कथील यांची अतिसंवाहकता काहीशे गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातच नष्ट होते असे दिसून आले आणि तो विचार बाजूला पडला. १९२३ मध्ये टोरांटो येथे हेलियमचे द्रवीकरण होईपर्यंत लायडनखेरीज जगात कोठेही अतिसंवाहकतेवर प्रयोग करणे शक्यच नव्हते.

ही मक्तेदारी खऱ्या अर्थाने संपवली ती एका यंत्राने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथील सॅम्युअल कॉलिन्स यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर हेलियमच्या द्रवीकरणाचे असे यंत्र तयार केले जे विकत घेऊन कोणत्याही प्रयोगशाळेत बसवता येत होते. द्रव हेलियम दुर्मीळ राहिला नाही आणि अतिसंवाहकतेचा उपयोग साधन म्हणून करण्याचा विचार अभियंत्यांच्या मनात येऊ लागला.

त्यांतला पहिला मोठा प्रयत्न एमआयटीतच झाला. ऑनेस यांच्या मार्गात जो दोष आडवा आला होता त्यालाच डडली बक या तरुण अभियंत्याने कामाला लावले. टँटलमची सुमारे इंचभर लांबीची सरळ तार आणि तिच्याभोवती गुंडाळलेली नायोबियमची बारीक तार, एवढीच त्यांच्या साधनाची रचना होती. द्रव हेलियममध्ये दोन्ही धातू अतिसंवाहक असतात. पण टँटलम त्या तापमानाला आपल्या मर्यादेच्या अगदी काठावर असते, त्यामुळे नायोबियमच्या तारेतून थोडा प्रवाह सोडला की त्याच्या चुंबकीय क्षेत्राने टँटलमची अतिसंवाहकता मोडते आणि तिथे रोध निर्माण होतो. एका प्रवाहाने दुसरा प्रवाह अडवता किंवा सोडता आला की संगणकाचा मूलभूत घटक हाती आला. बक यांनी त्याला क्रायोट्रॉन असे नाव दिले आणि १९५६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तारेचा क्रायोट्रॉन संथ होता, म्हणून पातळ पटलांचे क्रायोट्रॉन करण्याकडे अनेक प्रयोगशाळा वळल्या. जनरल इलेक्ट्रिकमध्ये न्यूहाउस आणि ब्रेमर यांनी एकमेकांना छेदणाऱ्या पटलांचा क्रायोट्रॉन तयार केला. बक स्वतः केनेथ शोल्डर्स यांच्यासह इलेक्ट्रॉनांच्या झोताने सूक्ष्म आकृत्या कोरण्याची पद्धत शोधत होते. १९५९ मध्ये वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, आणि पुढील काही वर्षांत सिलिकॉनच्या एकत्रित मंडलांनी क्रायोट्रॉनला मागे टाकले. क्रायोट्रॉनवर चालणारा संगणक बाजारात आला नाही. परंतु निर्वातात धातूची वाफ करून तिचे पटल काचेवर बसवणे, पटलांच्या पट्ट्या एकमेकींवर आडव्या घालणे, इलेक्ट्रॉनांच्या झोताने सूक्ष्म रेषा आखणे, या ज्या गोष्टी बक यांच्या पिढीने हाताळल्या त्याच पुढे या क्षेत्राच्या रोजच्या कामाचा भाग झाल्या. अकाली गेलेल्या या अभियंत्याला इतिहासात मिळालेली जागा त्याच्या कामाच्या मानाने फारच थोडी आहे.

१९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी अतिसंवाहकतेचा सिद्धांत मांडला. त्यानुसार अतिसंवाहकातील इलेक्ट्रॉन जोड्या करून राहतात, आणि अशी जोडी फोडायला एक ठराविक किमान ऊर्जा द्यावी लागते. या किमान ऊर्जेला ऊर्जा-अंतर म्हणतात. ते थेट मोजून दाखवण्याचे काम न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत इव्हार येव्हर यांनी १९६० मध्ये केले. येव्हर हे मूळचे नॉर्वेचे यंत्र अभियंता. नोकरी सांभाळून ते जवळच्या रेन्सेलर संस्थेत भौतिकी शिकत होते. त्यांनी काचपट्टीवर ॲल्युमिनियमची पट्टी बसवली, तिचा पृष्ठभाग ऑक्सिजनच्या संपर्काने ऑक्साइडने झाकला जाऊ दिला आणि त्यावर शिशाच्या पट्ट्या आडव्या घातल्या. मधला ऑक्साइड निरोधक असल्यामुळे जुन्या भौतिकीप्रमाणे त्यातून वीज वाहू नये; परंतु थर पुरेसा पातळ असेल तर क्वांटम यामिकीप्रमाणे इलेक्ट्रॉन अडथळा न चढताच पलीकडे उमटू शकतो, आणि याला टनेलिंग म्हणतात. शिसे अतिसंवाहक होताच कमी विद्युत दाबाला हा प्रवाह जवळजवळ थांबला आणि दाब एका मर्यादेपलीकडे जाताच पुन्हा सुरू झाला. ती मर्यादा म्हणजेच ऊर्जा-अंतर होते. एरवी गुंतागुंतीच्या उपकरणांनी मोजावी लागणारी राशी व्होल्टमीटर आणि ॲमीटर यांच्या साह्याने मिळाली, हा या प्रयोगाचा गौरव आहे.

पुढचे पाऊल इंग्लंडमधील केंब्रिजमध्ये पडले. १९६१–६२ या वर्षी तिथे बेल प्रयोगशाळेचे फिलिप अँडरसन पाहुणे म्हणून व्याख्याने देत होते आणि ब्रायन पिपर्ड यांच्या हाताखाली शिकणारा ब्रायन जोसेफसन हा विद्यार्थी ती ऐकत होता. जोसेफसन याने प्रश्न केला तो असा, की एकटे इलेक्ट्रॉन जर ऑक्साइडच्या पलीकडे जात असतील तर त्यांच्या जोड्यांचे काय होते. त्याचे उत्तर १९६२ मध्ये, तो २२ वर्षांचा असताना, प्रसिद्ध झाले. जोड्यादेखील पलीकडे जातात. त्यामुळे दोन्ही बाजूंमध्ये कोणताही विद्युत दाब नसताना एका मर्यादेपर्यंत प्रवाह वाहू शकतो. आणि स्थिर दाब दिला तर प्रवाह अतिवेगाने मागेपुढे डोलू लागतो, दर मायक्रोव्होल्टमागे सेकंदाला सुमारे ४८ कोटी ३६ लाख वेळा. अतिसंवाहकतेच्या सिद्धांताचे एक जनक असलेल्या बार्डीन यांनी हे मान्य केले नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडन येथील नीच तापमान भौतिकीच्या परिषदेत त्या दोघांचे मतभेद जाहीरपणे मांडले गेले. निर्णय प्रयोगाने दिला. बेल प्रयोगशाळेत अँडरसन आणि जॉन रॉवेल यांनी १९६३ मध्ये दाबाविना वाहणारा प्रवाह दाखवला आणि तो अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्राने मावळतो हेही दाखवले. हा दुसरा पुरावा महत्त्वाचा होता, कारण ऑक्साइडच्या थराला छिद्र पडून दोन धातू एकमेकांना टेकले तरी दाबाविना प्रवाह वाहतो, मात्र तो इतक्या क्षीण क्षेत्राला दाद देत नाही. येव्हर यांच्या नमुन्यांमध्येही असा प्रवाह पूर्वी दिसला होता आणि थर सदोष असल्याचे समजून तो सोडून देण्यात आला होता, हे त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितले. थर किती निर्दोष आहे याची खात्री असल्याशिवाय या क्षेत्रात खरी घटना आणि बिघाड यांतला भेद कळत नाही.

सिद्धांत प्रस्थापित होताच उपकरणे भराभर आली. फोर्ड या मोटार कंपनीच्या डिअरबॉर्न येथील प्रयोगशाळेत जॅकलेव्हिक, लॅम्ब, सिल्व्हर आणि मर्सेरो यांनी १९६४ मध्ये अतिसंवाहक कड्यात दोन जंक्शने बसवली आणि कड्यातून जाणारे चुंबकीय फ्लक्स बदलले की एकूण प्रवाह ठराविक अंतराने कमीजास्त होतो असे दाखवले. फ्लक्स म्हणजे एखाद्या क्षेत्रफळातून जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची एकूण राशी. अतिसंवाहक कड्यात ती ठराविक पुंजांच्या पटीतच राहते, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सहा-सात मायक्रोमीटर बाजूच्या चौरसातून साधारण एवढा एक पुंज जातो. त्याच्याही लहानशा अंशाची नोंद घेणाऱ्या या उपकरणाला स्क्विड म्हणतात. केंब्रिजमधील जॉन क्लार्क या विद्यार्थ्याने तर पटले वगैरे काही न करता नायोबियमच्या तारेवर डाखाचा एक थेंब गोठवला, तारेवरच्या नैसर्गिक ऑक्साइडलाच मधला थर मानले आणि तोवरच्या कोणत्याही उपकरणापेक्षा कितीतरी सूक्ष्म विद्युत दाब मोजणारा मापक तयार केला. १९६९ च्या अखेरीस एमआयटीत डेव्हिड कोहेन, एडगर एडेलसॅक आणि जेम्स झिमरमन यांनी स्क्विडच्या साह्याने मानवी हृदयाच्या चुंबकीय क्षेत्राचा आलेख घेतला. जोसेफसन यांनी सांगितलेले दाब आणि प्रवाहाच्या डोलण्याची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने, यांचे नाते धातू, आकार किंवा तापमान यांवर अवलंबून नसल्यामुळे १ जानेवारी १९९० पासून व्होल्टचे प्रमाण जगभर जोसेफसन जंक्शनांवरून राखले जाऊ लागले.

तरीही या साधनाकडून सर्वांत मोठी अपेक्षा संगणकाची होती. आयबीएममध्ये युरी मॅटिसू यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जंक्शन एका नॅनोसेकंदापेक्षा कमी वेळात आपली अवस्था बदलते असे दाखवले आणि त्यावरून यॉर्कटाउन हाइट्स व झुरिच येथे दीर्घ पल्ल्याची योजना उभी राहिली. सिलिकॉनपेक्षा कितीतरी वेगवान आणि अत्यल्प उष्णता निर्माण करणारा संगणक हे तिचे लक्ष्य होते. त्या योजनेतील जंक्शने शिशाच्या मिश्रधातूंची होती, कारण त्यांवर चांगला ऑक्साइड थर बसवणे सोपे जाई. अडचणही तिथेच होती. शिसे मऊ असते आणि त्याचे आकुंचन-प्रसरण खालच्या सिलिकॉनच्या चकतीपेक्षा पुष्कळ जास्त असते, त्यामुळे ४.२ केल्विनपर्यंत थंड करून पुन्हा खोलीच्या तापमानाला आणण्याचे फेरे झाले की पटलावर उंचवटे येत आणि अणूंच्या काही रांगांचा तो थर फाटून जाई. एका जंक्शनाच्या प्रयोगात हे सोसता येते, पण हजारो जंक्शनांच्या संगणकात एकही निकामी होऊन चालत नाही. मिश्रधातू बदलून हा दोष पुष्कळ कमी करण्यात आला, तथापि तोवर स्मृतिमंडलांचे प्रश्न उरले होते आणि सिलिकॉनचा वेग थांबायला तयार नव्हता. १९८३ मध्ये आयबीएमने योजना आवरती घेतली.

या निर्णयाकडे सहसा एका मोठ्या पराभवाची नोंद म्हणून पाहिले जाते, आणि ते अन्यायाचे आहे. झुरिचच्या त्याच प्रयोगशाळेत हाइनरिश रोरर आणि गेर्ड बिनिग हे पातळ ऑक्साइड थरांचे गुणधर्म जागोजागी कसे बदलतात ते तपासण्याचा मार्ग शोधत होते, आणि त्या शोधातून १९८१ मध्ये एकेक अणू दाखवणारा क्रमवीक्षक टनेलिंग सूक्ष्मदर्शक जन्माला आला. शिशावर उपाय म्हणून नायोबियमचा विचार सर्वत्र चालू होता, पण नायोबियमचा स्वतःचा ऑक्साइड चांगला थर देत नसे. आयबीएमने काम थांबवले त्याच १९८३ या वर्षी बेल प्रयोगशाळेत गुर्विच, वॉशिंग्टन आणि हगिन्स यांनी नायोबियमवर ॲल्युमिनियमचे काही नॅनोमीटर जाडीचे पटल पसरून त्याचा ऑक्साइड करण्याची आणि वर पुन्हा नायोबियम बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड सलग असतो, नायोबियम कठीण असल्यामुळे थंडीउष्णतेच्या फेऱ्यांत टिकते. दोहोंचे गुण एकत्र आले. पुढे व्होल्टच्या प्रमाणासाठी लागणाऱ्या हजारो जंक्शनांच्या माळा आणि मॉस्कोमध्ये लिखारेव्ह, मुखानोव्ह व सेमेनोव्ह यांनी १९८५ च्या सुमारास सुचवलेली अतिवेगवान अंकीय मंडले या त्रिस्तरी पद्धतीवर उभी राहिली.

याच सुमारास साधनांचा आकार मायक्रोमीटरच्या खाली उतरू लागला. त्यामागे बेल प्रयोगशाळेतील जेराल्ड डोलन यांची १९७७ ची युक्ती होती. चकतीवर राळेसारख्या पदार्थाचा एक अतिसूक्ष्म अधांतरी पूल तयार करायचा. निर्वातात एका बाजूने तिरकी ॲल्युमिनियमची वाफ सोडायची. थोडा ऑक्सिजन आत घेऊन पटलावर ऑक्साइड बनू द्यायचा. मग दुसऱ्या बाजूने तिरकी वाफ सोडायची. पुलाच्या सावलीमुळे दोन्ही पटले फक्त एका इवल्याशा जागी एकमेकांवर येतात आणि तेवढेच जंक्शन तयार होते. या पद्धतीने थिओडोर फुल्टन आणि डोलन यांनी १९८७ मध्ये इतकी लहान जंक्शने केली की त्यांच्यामधल्या धातूच्या बेटावर एक इलेक्ट्रॉन जास्त चढवायलासुद्धा जाणवण्याइतकी ऊर्जा लागे. विद्युत भार साठवण्याच्या क्षमतेला धारकता म्हणतात. ती एका फॅरडच्या दहाच्या पंधराव्या घाताने भागलेल्या अंशाइतकी लहान झाली की ही ऊर्जा सुमारे एक केल्विन तापमानाशी तुल्य होते, आणि त्याहून पुष्कळ कमी तापमानाला बेटावरचे इलेक्ट्रॉन एकेक करून मोजता येतात. मॉस्कोच्या अवेरिन आणि लिखारेव्ह यांनी याचे गणित आधीच मांडले होते. एक-इलेक्ट्रॉन ट्रान्झिस्टर हे नाव या साधनाला मिळाले.

या सर्व घडामोडींच्या मागे एक मूलभूत प्रश्न उभा होता आणि तो ब्रिटिश भौतिकीविद अँथनी लेगेट यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आग्रहाने विचारला होता. एकटा इलेक्ट्रॉन अडथळ्यापलीकडे उमटतो हे मान्य. परंतु अब्जावधी इलेक्ट्रॉन-जोड्यांचे मिळून बनलेले, हाताने धरता येणाऱ्या मंडलातले एकत्रित चलन स्वतःच क्वांटम नियम पाळते काय? जंक्शनातून मर्यादेपेक्षा किंचित कमी प्रवाह सोडला असता दाबशून्य अवस्था ही उतारावरच्या खळग्यात अडकलेल्या गोटीसारखी असते. उष्णतेच्या धक्क्यांनी गोटी काठावरून बाहेर पडू शकते, आणि तसे झाले की जंक्शनावर दाब दिसतो. लेगेट यांचे म्हणणे असे, की पुरेशा थंडीत गोटी काठ न चढता थेट पलीकडे निघाली तर संपूर्ण मंडलाचे टनेलिंग सिद्ध होईल. आयबीएममध्ये व्हॉस आणि वेब यांना, तसेच बेल प्रयोगशाळेतही, १९८१ मध्ये असे संकेत मिळाले होते. मात्र आक्षेप उरला होता. खोलीतून शीतपात्रात उतरणाऱ्या तारांबरोबर सूक्ष्मतरंगांचा गोंगाटही खाली येतो, आणि त्याने गोटीला धक्का दिला नाही हे कशावरून?

बर्कली येथे प्राध्यापक झालेले जॉन क्लार्क, फ्रान्समधील साक्ले येथून आलेले मिशेल डेव्होरे आणि संशोधक विद्यार्थी जॉन मार्टिनिस यांनी १९८४–८५ मध्ये या आक्षेपाला दिलेले उत्तर प्रायोगिक प्रामाणिकपणाचा नमुना आहे. त्यांचे जंक्शन नायोबियम आणि शिसे-इंडियम मिश्रधातू यांचे, दहा मायक्रोमीटर बाजूचे होते; त्यात नवे काही नव्हते. नवे होते ते भोवतालचे सारे. तारांची वेटोळी त्यांनी तांब्याच्या बारीक भुकटीत पुरली. भुकटीच्या प्रत्येक कणावर ऑक्साइड असल्याने कण एकमेकांपासून विलग राहतात, सर्वांचा मिळून पृष्ठभाग प्रचंड होतो आणि उच्च कंप्रतेचा गोंगाट त्यात जिरून जातो. त्यानंतर जंक्शनावर हेतुपुरस्सर सूक्ष्मतरंग सोडून त्यांनी त्याची धारकता, रोध इत्यादी सर्व राशी त्याच मंडलात, त्याच तापमानाला स्वतंत्रपणे मोजल्या, म्हणजे सिद्धांताशी तुलना करताना जुळवून घेण्यासारखे काही शिल्लक राहू नये. तापमान केल्विनच्या काही शतांशांपर्यंत उतरले तेव्हा अवस्था बदलण्याचे प्रमाण एका मूल्यावर स्थिरावले आणि ते मूल्य सिद्धांताने सांगितले तेवढेच निघाले. शिवाय ठराविक कंप्रतेचे सूक्ष्मतरंग दिले असताच मंडल ऊर्जा घेते, अधल्यामधल्या कंप्रतांना नाही, हेही दिसले. अर्थात त्याच्या ऊर्जेला अणूप्रमाणे पायऱ्या होत्या. या कामासाठी तिघांना २०२५ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. चाळीस वर्षांनी मिळालेला हा मान तांब्याच्या भुकटीने भरलेल्या त्या नळ्यांचाही आहे.

डेव्होरे साक्लेला परतले आणि तिथे दानिएल एस्तेव्ह व क्रिस्तियां उर्बिना यांच्यासह त्यांनी डोलन यांच्या पद्धतीच्या सूक्ष्म जंक्शनांवर काम उभे केले. जपानमध्ये त्सुकुबा येथील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत नाकामुरा, पाश्किन आणि त्साय यांनी १९९९ मध्ये ॲल्युमिनियमच्या एका लहानशा बेटावर इलेक्ट्रॉनांची एक जोडी असणे आणि नसणे या दोन अवस्थांचे मिश्रण हवे तसे घडवून दाखवले. दोन अवस्थांच्या अशा मिश्रणात राहू शकणाऱ्या घटकाला क्यूबिट म्हणतात. ते मिश्रण त्यांच्या साधनात काही नॅनोसेकंदच टिकत होते. साक्ले येथे २००२ मध्ये ते जवळजवळ अर्ध्या मायक्रोसेकंदापर्यंत गेले, आणि येल विद्यापीठात २००७ मध्ये जंक्शनाला मोठी धारकता जोडून ट्रान्समॉन हा प्रकार निघाला, ज्याला आसपासच्या भटक्या विद्युत भारांचा उपद्रव फारसा होत नाही. मार्टिनिस यांच्या नेतृत्वाखालील गटाने गूगलमध्ये २०१९ साली ५३ क्यूबिटांचा प्रोसेसर चालवून दाखवला.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध मुख्यतः मुंबईतील कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेमुळे येतो. तिथल्या संशोधकांनी बिस्मथ या धातूचे शुद्ध स्फटिक एका केल्विनच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे ०.५३ मिलिकेल्विनला, अतिसंवाहक होतात असे २०१६ मध्ये जाहीर केले आणि नीच तापमानावरील आपली हुकमत दाखवून दिली. अतिसंवाहक क्यूबिटांवर काम करणारी प्रयोगशाळाही तिथे आहे आणि तिचे प्रमुख राजमणी विजयराघवन यांचे संशोधन-शिक्षण येल येथे झाले. संस्थेने आरेखित केलेल्या आणि कुलाब्यातच घडवलेल्या जंक्शनांवर चालणारा सहा क्यूबिटांचा प्रोसेसर २०२४ मध्ये आरंभापासून शेवटपर्यंत तपासून पाहण्यात आला. त्याचे नियंत्रण व मापन करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पुण्यातील प्रयोगशाळेने जुळवली, आणि दूरवरून त्यावर काम करण्याची सोय टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने केली.